त्सांकारयेव्ह दोम: पायऱ्या उतरून पाहायची वास्तू

ल्युब्लियानाला पहिल्यांदा गेले तेव्हा त्सांकारयेव्ह दोमसमोर तासभर रेंगाळले. फोटो काढले, चौकाला एक फेरी मारली आणि नदीकडे निघून गेले. काही वर्षांनी पुन्हा जाणं झालं. त्या वेळी एका लहान सभागृहातल्या मैफलीचं तिकीट काढलं, भुयारी रस्त्याने आत गेले, आणि कळलं की पहिल्या खेपेला जे पाहिलं ते जवळजवळ छप्परच होतं. या वास्तूचा बराच भाग जमिनीखाली आहे. ती दिवसा बाहेरून बघण्यासाठी नाही, संध्याकाळी तिकीट घेऊन वापरण्यासाठी बांधली आहे. म्हणून पुढचं सगळं मार्गदर्शन एका संध्याकाळीभोवती गुंफलं आहे.

आधी नाव नीट म्हणू या

स्लोव्हेनिया हा जेमतेम एकवीस लाख लोकांचा देश. त्याच्या राजधानीतलं, म्हणजे ल्युब्लियानातलं, हे राष्ट्रीय सांस्कृतिक आणि परिषद केंद्र. इव्हान त्सांकार (१८७६–१९१८) या स्लोव्हेनियन लेखकाचं नाव त्याला दिलं आहे. ‘दोम’ म्हणजे घर. सभागृहाला आपण ‘मंदिर’ म्हणतो, तिथे ते ‘घर’ म्हणतात.

रोमन लिपीत हे नाव ‘सी’ या अक्षराने सुरू होतं, त्यामुळे बरेच पाहुणे ‘कांकर’ म्हणून मोकळे होतात. मराठी माणसाला इथे आयता फायदा आहे. स्लोव्हेनियन भाषेतला साधा ‘सी’ म्हणजे आपल्या ‘चाक’ आणि ‘चांगला’मधला च. त्याच अक्षरावर छोटी खूण असली की तो ‘चिमणी’तला च होतो. दोन्ही उच्चार आपल्या जिभेवर लहानपणापासून आहेत. ‘जे’चा उच्चार य करायचा, एवढं ध्यानात ठेवलं की रस्त्यांच्या पाट्या वाचता येतात.

कधी जायचं

सप्टेंबर–ऑक्टोबर ते जून हा मुख्य हंगाम. या काळात आठवड्यातल्या बऱ्याच संध्याकाळी काही ना काही असतं: वाद्यवृंद, नृत्य, नाटक, सिनेमा, व्याख्यान. नोव्हेंबरात ल्युब्लियानाचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो आणि हे केंद्र त्याचं मुख्य ठिकाण असतं. मार्चच्या सुमारास माहितीपटांचा महोत्सव भरतो. उन्हाळ्यात केंद्राचा स्वतःचा हंगाम थंडावतो, पण १९५३ पासून चालत आलेल्या ल्युब्लियाना महोत्सवातल्या काही मोठ्या मैफली इथल्या मुख्य सभागृहात होतात. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनाही आणि जुलै–ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनाही कार्यक्रमपत्रिका पाहायला हवीच.

एक तारीख मात्र जपून ठेवा. ८ फेब्रुवारी हा कवी फ्रान्त्से प्रेशेरेन यांचा स्मृतिदिन, आणि तो देशाचा सांस्कृतिक सण आहे, सार्वजनिक सुट्टीसुद्धा. कवीच्या पुण्यतिथीला अख्ख्या देशाला सुट्टी असते, हे कळल्यावर मला कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी त्यांच्या नावाचे राष्ट्रीय पुरस्कार याच इमारतीत दिले जातात. दुसऱ्या दिवशी अनेक संग्रहालयं विनामूल्य खुली असतात. थंडी कडाक्याची असते, पण शहर समजून घ्यायला याहून चांगला दिवस नाही.

व्हिसा आणि प्रवास

स्लोव्हेनिया शेंगेन क्षेत्रात आहे आणि चलन युरो आहे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियमाप्रमाणे तो निदान पंधरा दिवस आधी जायला हवा, पण तुम्ही दोन महिने हाताशी ठेवा. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. परिषदेला जाणार असाल तर आयोजकांचं निमंत्रणपत्र नोंदणी झाल्या झाल्या मागून घ्या. अर्जात त्याचा मोठा आधार होतो, आणि उशिरा मागितलं की तेच अडून बसतं.

भारतातून थेट विमान नाही. फ्रँकफर्ट, म्युनिक, झुरिक किंवा इस्तंबूलला विमान बदलून जाता येतं. ज्यांना व्हेनिस, त्रिएस्ते, झाग्रेब किंवा व्हिएन्नाही पाहायचं आहे त्यांनी तिथपर्यंत उडावं आणि पुढे बसने किंवा रेल्वेने यावं. विमानतळ शहरापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर आहे. बस मुख्य स्थानकावर सोडते आणि तिथून केंद्रापर्यंत पंधरा–वीस मिनिटं चालायचं. शहर लहान आहे, वस्ती तीन लाखांच्या घरात. मध्यभागातले बरेच रस्ते वाहनांना बंद आहेत. शहरबसने जायचंच असेल तर आधी ‘उर्बाना’ कार्ड घ्या. पण मी म्हणेन, चालाच.

तिकीट

तिकिटं केंद्राच्या संकेतस्थळावर मिळतात, आणि माहिती कक्षाच्या खिडकीवरही. ही खिडकी शोधताना पाहुणे हमखास चुकतात, कारण ती मुख्य दाराशी नसून शेजारच्या माक्सिमार्केट या इमारतीखालच्या भुयारी रस्त्यात आहे. चौकातून खाली उतरा. खिडकीची वेळ दुपारी मध्येच तुटते, म्हणून जाण्याआधी संकेतस्थळावर वेळ पाहून घ्या. कार्यक्रमाआधीच्या तासात पुन्हा तिकीट मिळतं.

काय निवडायचं? स्लोव्हेनियन येत नसेल तर नाटक टाळा. संगीत, नृत्य किंवा बॅले घ्या. सिनेमाचं गणित जरा निराळं आहे. तिथे परदेशी चित्रपटांना आवाज बदलून लावत नाहीत, खाली स्लोव्हेनियन अक्षरं देतात. त्यामुळे इंग्रजी सिनेमा सहज कळेल, पण कोरियन सिनेमाला खाली इंग्रजी अक्षरं आहेत का ते विचारून घ्या. विद्यार्थी आणि ज्येष्ठांना बऱ्याच कार्यक्रमांत सवलत मिळते, तेव्हा ओळखपत्र जवळ असू द्या. पहिल्यांदा जात असाल तर मोठ्या सभागृहातल्या महागड्या खुर्चीपेक्षा तिथलीच वरची, स्वस्त खुर्ची घ्या. वरून सभागृहाचा पूर्ण आकार डोळ्यांत मावतो आणि वाद्यवृंदातलं प्रत्येक वाद्य मोजता येतं.

तिकिटावरचे शब्द हे असे: ‘व्रस्ता’ म्हणजे रांग, ‘सेदेझ’ म्हणजे आसन, ‘लेवो’ डावीकडे, ‘देस्नो’ उजवीकडे, ‘पार्तेर’ खालचा मजला आणि ‘बाल्कोन’ वरचा. ‘राझप्रोदानो’ दिसलं तर तिकिटं संपली. तरीही सुरू होण्याआधी अर्धा तास खिडकीशी विचारून पाहा, परत आलेलं एखादं तिकीट निघतं.

कार्यक्रमाआधी दीड तास: चौक

या पायरीला भरपूर वेळ द्या. चौक कळला नाही तर इमारत कळत नाही.

सुरुवात काँग्रेस चौकातून करा. १८२१ मध्ये युरोपातले सम्राट आणि त्यांचे मुत्सद्दी या गावात परिषदेला जमले होते, त्यावरून हे नाव आलं. म्हणजे परिषदांचं गाव ही इथली ओळख दोनशे वर्षांची आहे. चौकातली बाग ओलांडून रस्त्यापलीकडे उर्सुलाइन जोगिणींचं बरोक शैलीतलं चर्च दिसेल. त्याच्या मागे गेलात की एकदम मोकळं होतं. हा प्रजासत्ताक चौक. एके काळी इथे त्या मठाची बाग होती.

१९६० मध्ये या जागेसाठी झालेली स्पर्धा वास्तुविशारद एदवार्द राव्हनिकार (१९०७–१९९३) यांनी जिंकली आणि पुढची वीसेक वर्षं ते या एका चौकात गुंतून राहिले. त्रिकोणी पायाचे दोन मनोरे उभे राहिले. ते मुळात याहून बरेच उंच व्हायचे होते. १९७१ मध्ये माक्सिमार्केटचं दुकान झालं, आणि सत्तरीच्या उत्तरार्धात त्सांकारयेव्ह दोमचं काम सुरू होऊन ऐंशीच्या सुरुवातीला ते खुलं झालं. मनोऱ्यांच्या मधोमध उभं राहून समोर पाहा. समोर १९५९ मध्ये पूर्ण झालेली संसद आहे, व्हिन्को ग्लान्त्स यांची. तिचं दार माणसांच्या शिल्पांनी भरलेलं आहे, बाकी भिंत सपाट.

खिशात स्लोव्हेनियाचं दहा सेंटचं नाणं असेल तर आत्ता बाहेर काढा. त्यावर संसदच आहे, पण ही नव्हे. वास्तुविशारद योझे प्लेच्निक यांनी कल्पिलेली, उंच शंकूच्या छताची आणि कधीच न बांधलेली संसद त्यावर कोरली आहे. प्लेच्निक हे राव्हनिकार यांचे गुरू, आणि व्हिएन्नाचे ओटो वाग्नर हे प्लेच्निक यांचे. दगड हा भिंतीचा सांगाडा नसून तिच्या अंगावरचं वस्त्र आहे, ही जाण या परंपरेतून आली. मनोऱ्यांजवळ जा आणि दगडी फरश्या कशा लावल्यात, कडा कशा वळवल्यात ते बोटांनी चाचपून पाहा. १९३९ मध्ये राव्हनिकार काही काळ पॅरिसला आधुनिक वास्तुकलेतले दिग्गज ल कॉर्ब्युझिए यांच्या कार्यालयात होते. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच कार्यालयात काम शिकले. काँक्रीटचं ते एकच शिक्षण ल्युब्लियानात गुरूच्या दगडी वस्त्राला जाऊन मिळालं आणि अहमदाबादेत उन्हाला.

या जागेचं आधीचं नाव क्रांती चौक होतं. २६ जून १९९१ च्या संध्याकाळी युगोस्लाव्हियापासून स्वातंत्र्याचा सोहळा इथेच झाला, आणि दुसऱ्या दिवशी दहा दिवसांचं युद्ध सुरू झालं. त्यानंतरही कित्येक वर्षं हा चौक मोटारी लावायच्या कामी येत होता. २०१४ मध्ये गाड्या हटवून फरशी नव्याने घातली. आता संध्याकाळी मुलं इथे सायकली फिरवतात.

शेवटी त्सांकार यांच्या स्मारकापाशी या. शिल्पकार स्लाव्हको तिहेत्स यांनी ते १९८२ मध्ये धातूच्या पट्ट्यांतून घडवलं. अगदी जवळून फक्त रेषा दिसतात. पंधरा–वीस पावलं मागे सरका, मग रेषा जुळून मिशीवाला चेहरा तयार होतो. थोडं डावी–उजवीकडेही सरकून पाहा.

आत शिरताना

निदान पस्तीस–चाळीस मिनिटं आधी आत जा. कार्यक्रम घड्याळाच्या काट्यावर सुरू होतात आणि उशीर झाला तर मध्यंतरापर्यंत, ज्याला तिथे ‘ओद्मोर’ म्हणतात, बाहेर थांबावं लागू शकतं.

पहिलं काम ‘गार्देरोबा’. कोट, छत्री, पाठीवरची पिशवी तिथे द्यायची आणि बिल्ला घ्यायचा. आपल्याकडे जर्किन मांडीवर घेऊन बसायची सवय असते. तिथे कोट घालून सभागृहात जाणं पायातल्या चपलांसह देवघरात जाण्यासारखं दिसतं. पासपोर्ट आणि पैसे मात्र काढून जवळ ठेवा. कपडे नीटनेटके असले की पुरे. साडीत गेलात तर कौतुकाच्या नजरा नक्की भेटतील, फक्त जिने खूप आहेत हे लक्षात घ्या. गुडघ्यांचा त्रास असेल किंवा चाकांची खुर्ची असेल तर तिकीट घेतानाच सांगा, म्हणजे लिफ्टजवळची जागा देता येते.

आता दालनांतून हिंडा. काँग्रेस चौकाच्या दक्षिणेला, पाच–सात मिनिटांवर, प्लेच्निक यांचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे. तिथे तुम्ही काळ्या दगडाच्या बत्तीस खांबांमधून अंधारा जिना चढता आणि वर उजेडात, वाचनालयाशी पोचता. गुरूने माणसाला वर चढवलं. शिष्याने इथे खाली उतरवलं. उतरताना दालन रुंद होत जातं, माणसं दिसू लागतात, कुजबुज वाढते, आणि सभागृहाच्या दाराशी येईपर्यंत तुम्ही अनोळखी लोकांच्या मेळ्यातले एक झालेले असता. या इमारतीतली मला सर्वांत आवडलेली जागा म्हणजे ही दालनं आणि जिने. पणजीला मांडवीकाठी चार्ल्स कोरिया यांच्या कला अकादमीत खेळ सुरू व्हायच्या आधी लोक जसे मोकळ्या मंडपात रेंगाळतात, तसंच हेही आहे. एक वास्तू नदीकडे उघडते आणि दुसरी पोटात घेते, पण घंटा होईपर्यंत माणसांना एकमेकांत मिसळू देणं दोन्हीकडे सारखंच मोलाचं मानलं आहे.

२७ फेब्रुवारी १९८९ ची सभाही याच इमारतीत झाली. तेव्हा युगोस्लाव्हियातच असलेल्या कोसोव्होतल्या स्तारी त्र्ग इथले अल्बेनियन खाणकामगार खाणीत, जमिनीखाली, संपावर बसले होते. त्यांच्या पाठिंब्यासाठी स्लोव्हेनियातले सत्ताधारी आणि विरोधक एका व्यासपीठावर आले. ती सभा राजधानी बेलग्रेडमध्ये दाखवली गेली आणि दुसऱ्या दिवशी तिथे प्रचंड निदर्शनं उसळली. युगोस्लाव्हियाच्या फुटीचा इतिहास सांगताना ही संध्याकाळ वगळता येत नाही.

सभागृहांची नावं

गालुस सभागृह सर्वांत मोठं, सुमारे दीड हजार आसनांचं. सोळाव्या शतकातल्या याकोबुस गालुस या संगीतकाराचं नाव त्याला आहे. मंचावरचा भव्य ऑर्गन नजरेतून सुटणार नाही. युरो येण्याआधी, २००६ अखेरपर्यंत, इथे तोलार हे चलन होतं. दोनशेच्या नोटेवर गालुस, पाचशेच्या नोटेवर प्लेच्निक, हजाराच्या नोटेवर प्रेशेरेन आणि दहा हजारांच्या नोटेवर त्सांकार होते. संगीतकार, वास्तुविशारद, कवी आणि लेखक रोज लोकांच्या हातांतून फिरत होते.

लिन्हार्ट सभागृह मध्यम आहे. अंतोन तोमाझ लिन्हार्ट या नाटककाराच्या स्लोव्हेनियन विनोदी नाटकाचा पहिला प्रयोग १७८९ मध्ये झाला होता. दुशा पोच्काय ही अभिनेत्री आणि बोयान श्तीह हे नाट्यसमीक्षक, यांच्या नावांची छोटी सभागृहंही आहेत. मला जवळचं वाटतं ते कोसोव्हेल सभागृह, दोनशेच्या आसपास आसनांचं. स्रेच्को कोसोव्हेल हा कवी १९२६ मध्ये अवघ्या बावीसाव्या वर्षी गेला. तो रवींद्रनाथांचा निष्ठावान वाचक होता. आपण आपल्या गावात बसून टागोर वाचत होतो त्याच वर्षांत कार्स्टच्या खडकाळ पठारावरचा हा मुलगाही टागोर वाचत होता. त्या सभागृहात काहीही असलं तरी मी तिकीट काढीन.

शास्त्रीय मैफलीत रचनेच्या दोन भागांमध्ये टाळ्या वाजवत नाहीत. वाद्यवृंदाचा निर्देशक हात खाली घेऊन वळेपर्यंत थांबा. दाद द्यायची ऊर्मी आपल्याला मधेच येते, ती शेवटासाठी राखून ठेवा. शेवटच्या टाळ्या लांब चालतात आणि एका तालात पडू लागतात. त्यात मनापासून सामील व्हा.

परिषदेसाठी जाणाऱ्यांना

भारतातून या इमारतीत येणाऱ्यांपैकी अनेक जण डॉक्टर, संशोधक, अभियंते असतात. तीन दिवस आत घालवूनही त्यांना इमारत दिसत नाही, कारण ते बिल्ला लावून एकाच मजल्यावर फिरतात. पहिल्या सकाळी नोंदणीआधी अर्धा तास काढा आणि सगळे जिने वर–खाली करून या. तुमचं सत्र कुठल्या सभागृहात आहे ते तिथेच पाहून ठेवा, कारण मजले जमिनीखाली जातात आणि दिशा चटकन कळत नाही. फोनवरचा नकाशाही आत फारसा उपयोगी नाही.

परिषदेचा बिल्ला संध्याकाळच्या कार्यक्रमाला चालत नाही, तिकीट वेगळं काढावं लागतं. विजेसाठी दोन गोल पिनांचा प्लग लागतो, आपला तीन पिनांचा बसत नाही. घरी फोन करायचा तर भारत हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असतो. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून ठेवा.

जेवण

कार्यक्रमाआधीच जेवा. खेळ संपेपर्यंत बऱ्याच खानावळींचा स्वयंपाक थांबलेला असतो. शाकाहारी लोकांना चीज भरलेला, पापुद्र्यांचा बुरेक, भाज्यांची सुपं आणि ‘श्त्रुक्ली’ हे सारण भरलेले, उकडलेले किंवा भाजलेले रोल मिळतात. गोडातले श्त्रुक्ली खाल्ले तर उकडीच्या पदार्थांची आठवण येईल. मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत शुक्रवारी, पाऊस नसेल तर, नदीजवळच्या बाजारचौकात उघड्यावर चुली मांडतात आणि देशभरचे आचारी तिथे शिजवतात. तो शुक्रवार साधला तर तिथेच जेवून दहा–पंधरा मिनिटांत चालत सभागृहात पोचता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी

राव्हनिकार यांची सुरुवात कुठून झाली ते पाहायचं असेल तर केंद्रातून निघून तिवोली बागेच्या दिशेने दहा मिनिटं चाला. वाटेत मोदेर्ना गालेरिया लागेल. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हाती घेतलेली आणि १९५१ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत त्यांच्या तरुणपणीची आहे. तिच्या दर्शनी भिंतीवरचं दगडकाम जवळून पाहा आणि आदल्या संध्याकाळच्या मनोऱ्यांशी मनात ताडून बघा. मग ग्रंथालयाच्या काळ्या जिन्याकडे जा. प्लेच्निक यांचं ल्युब्लियानातलं काम २०२१ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि हा जिना त्यातला बिनीचा. गालेरिया सोमवारी बंद असते, तेवढं पाहून मुक्कामाचे दिवस ठरवा.